मेबलचा नकार

मेबल पेटीच्या तोंडाशी पहिल्यांदा थांबली तो सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. पुढचे दोन पाय पेटीच्या फळीवर, मागचे दोन बाहेर वाळूत, आणि सोंड आत ठेवलेल्या कलिंगडाच्या फोडीपर्यंत जेमतेम पोचलेली. मी पेटीच्या दुसऱ्या टोकाला, गजांच्या पलीकडे, शिटी तोंडात धरून उभी होते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, सोंड आवरती घेतली आणि एकेक पाऊल चाचपत उलटी मागे निघून गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर तिचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘मेबल म्हणते, नाही!’

पेपरवाल्यांना तिचं बोलणं ऐकू आलं म्हणायचं. मी पंचवीसएक वर्षं तिचे पाय धुतेय, मला बाई कधी ऐकू आलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, तो मथळा वाचून मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, मी गाडीत बसून रडले. मेबलला आमच्या शहरातून हलवायची की नाही यावर तीन वर्षं भांडण चाललं होतं. एका बाजूला म्हणणारे, की ही आपल्या शहराची आजी आहे, तीन पिढ्यांनी हिला सफरचंदं भरवलीत, हिला म्हातारपणी ट्रकात कोंबून कुठे पाठवता? दुसऱ्या बाजूला म्हणणारे, की जिथे नळातलं पाणी गोठतं अशा गावात हत्ती ठेवणं हेच मुळात पाप आहे. दक्षिणेला, सीमेपलीकडे, हत्तींसाठी राखलेलं मोठं रान आहे, तिथे अजून आठ हत्तिणी आहेत, हिला तिकडे पाठवा. मी पहिल्या बाजूची. माझी बाजू कोणती हे मला कुणी विचारलं नव्हतं, पण प्राणिसंग्रहालयाचा गणवेश घालणारीला दुसरी बाजू असते का?

आणि दुसऱ्या बाजूची पुढारी होती मिरियम फ्रीझन. निवृत्त शाळामास्तरीण, उंच, हाडकुळी, आवाज असा की तिसऱ्या गल्लीतलं पोर पाटी पुसून बसेल. दर शनिवारी ती आमच्या फाटकाबाहेर ‘मेबल एकटी आहे’ असा फलक घेऊन उभी राहायची. आणि दर सोमवारी संध्याकाळी तीच मिरियम कर्लिंगच्या बर्फावर आमच्या चौघींच्या संघाची कप्तान असायची. हिवाळा सुरू झाला की आमच्याकडे माणसं देवळात जाणार नाहीत एक वेळ, पण बर्फावर ते जड दगड सरकवायला जातीलच. गेली वीस वर्षं मी दगड सोडायचा आणि मिरियमने समोरच्या टोकाला उभं राहून झाडू दाखवत सांगायचं, इकडे टाक, तिकडे टाक.

“तू शनिवारी माझ्या पोटावर पाय देतेस आणि सोमवारी माझ्याकडून जिंकून घेतेस,” मी तिला म्हणायची.

“तुझ्या पोटावर नाही गं. तुझं पोट दिसतंय मला, त्याला काही होत नाही,” ती म्हणायची. “मी मेबलचं बोलतेय. ती एकटी आहे, नोरीन.”

“एकटी? आणि मी काय भिंत आहे?”

“तू पाचला घरी जातेस.”

याचा मला फार राग यायचा.

मेबल एकटी होती, हे खरं होतं. तिच्या जोडीची हत्तीण, जून नावाची, चार वर्षांपूर्वी गेली. आम्ही जूनला लगेच हलवलं नव्हतं. मेबलला तिच्यापाशी थांबू दिलं होतं. दिवसभर ती जूनच्या तोंडावरून सोंड फिरवत राहिली. त्यानंतर मेबल कधी आडवी झाली नाही. हत्ती उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपायला त्याला अंग टाकावं लागतं. त्यासाठी हत्तीखान्यात आम्ही वाळूचा मोठा ढीग करून ठेवलेला असतो. सकाळी दार उघडलं की मी पहिल्यांदा तिची कूस बघते. वाळू चिकटलेली असेल तर ती झोपली, नसेल तर नाही. चार वर्षं मी रोज स्वच्छ कूस बघत होते. उभं राहून राहून तिचे तळपाय फुटायचे, त्यात पू व्हायचा. मी कोमट मीठपाण्यात तिचा एकेक पाय घ्यायची, नखं घासायची, आणि मनात म्हणायची, आज झोप गं बाई. ती काही झोपायची नाही.

ऑगस्टच्या शेवटी नगरसभेने निकाल लावला. मेबलला श्वासाचा त्रास होता, त्यामुळे तिला भूल देऊन नेणं म्हणजे मारणंच. साखळदंड लावून ओढणं कुणालाच पटणारं नव्हतं. तेव्हा ठरलं असं, की ती आपल्या पायांनी पेटीत गेली तर जाईल. बर्फ पडायच्या आत नाही गेली तर इथेच राहील आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. “मेबललाच ठरवू द्या!” असं एक नगरसेवक हात उंचावून म्हणाला आणि टाळ्या पडल्या. इतक्या शहाण्यांना तीन वर्षं भांडून जे ठरवता आलं नाही ते हत्तिणीच्या गळ्यात बांधून सगळे जेवायला गेले.

पेटी म्हणजे छोट्या खोलीएवढा लोखंडी खोका. मागून दार, पुढे गज, बाजूला डोक्याच्या उंचीवर हात जाईल अशी खिडकी. ‘ठरलंच तर तयारी असावी’ म्हणून तो आमच्या अंगणात जुलैतच येऊन पडला होता आणि मेबलला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. आमची पद्धत सरळ आहे. टोकाला चेंडू लावलेली काठी दाखवायची, त्या चेंडूला तिने कपाळ लावलं की शिटी वाजवायची, शिटी वाजली की गाजर. आणि सगळं झालं की शेवटी दोन्ही हात तिच्यासमोर धरायचे, तळवे उघडे, बोटं फाकलेली. म्हणजे संपलं. माझ्याकडे आता काही नाही, तुझ्याकडून काही नको, जा. ही खूण मला माझ्या आधीच्या म्हाताऱ्या रखवालदाराने शिकवली होती आणि बजावून सांगितलं होतं, की हिच्याशी कधी लबाडी करायची नाही. तळवे दाखवले की त्या दिवसापुरतं पुन्हा काही मागायचं नाही. पाय धुणं अर्धवट राहिलं तरी चालेल. ती मोकळी.

जुलै-ऑगस्टमध्ये मेबल पेटीत तुरुतुरु जायची. मागचं दार लावलं तरी तिला काही वाटायचं नाही. कलिंगड खात उभी राहायची, मी तळवे दाखवले, दार उघडलं, की उलट्या पावलांनी बाहेर. आणि निकाल लागला त्याच आठवड्यापासून तिने तोंडाशी थांबायला सुरुवात केली. रोज तेच. दोन पाय आत, दोन बाहेर, माझ्याकडे एक नजर आणि माघारी.

“तिला कळलंय,” लोक म्हणायला लागले. “जनावराला सगळं कळतं.”

मीही म्हणायला लागले. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला पेरोगीवर, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांवर, परतलेला कांदा घालता घालता बायका मला विचारायच्या, “अजून नाही म्हणतेय ना गं आपली मेबल?” आणि मी जणू माझ्याच पोरीने बक्षीस मिळवल्यासारखी मान डोलवायची.

डॉ. डेलोर्म तेवढी गप्प होती. ती आमची पशुवैद्य, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणते आणि तिला ते आवडत नाही. ती रोज पेटीच्या मागच्या दाराशी उभी राहायची. तिथून तिला मेबलच्या पाठीपलीकडचं काही दिसायचं नाही. एकदा ती म्हणाली, “मला एक कळत नाही, नोरीन. घाबरलेला हत्ती कान पसरतो, शेपूट ताठ करतो. ही शांतपणे मागे येते. सुट्टी झाल्यासारखी.”

“मग कंटाळली असेल,” मी म्हटलं. “तुमच्या त्या रानाला ती ओळखत नाही आणि मला ओळखते. साधी गोष्ट आहे, डॉक्टरीणबाई.”

ऑक्टोबर लागला. झाडं पिवळी पडून गळून गेली आणि कर्लिंगचा बर्फ तयार झाला. बर्फाच्या आधीची म्हणून नगरसभेने दिलेली मुदत शुक्रवारी संपत होती. पेटी उचलायला क्रेन आणि ट्रक त्याच दिवशी येणार होते, मेबल आत असो वा नसो. चारच दिवस काढायचे होते. आणि तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज पेटीपुढे उभी राहिले की वाटायचं, आज ही आत गेली तर? वाटेत हिचा श्वास अडकला तर? त्या आठ हत्तिणींनी हिला ढुशा मारल्या तर? ही ट्रकात पडली तर उचलणार कोण? हातांना घाम सुटायचा.

सोमवारी मोसमाचा पहिला खेळ. मी दगड सोडला तो असा भरकटला की शेजारच्या पट्टीवरच्या लोकांनी पाय उचलले.

“मला माहीतच होतं!” समोरून मिरियम ओरडली. “हात पुसलेस तेव्हाच कळलं मला.”

“कसले हात?”

“घाबरलीस की तू नेहमी करतेस ते. अगं, वीस वर्षं मी इथे उभी राहून दुसरं काय बघतेय? आधी दोन्ही हात पँटला पुसायचे आणि मग असे समोर धरून बघायचे, सुकले का म्हणून. तू हात पुसलेस की मी झाडू खाली ठेवते. दगड वाया गेला समजायचं.”

बाकीच्या दोघी हसायला लागल्या. “हो गं, नोरीन, सगळ्यांना माहीत आहे.”

“मला नाही माहीत,” मी म्हटलं.

“हे असं!” मिरियम म्हणाली आणि तिने नक्कल करून दाखवली. हात मांड्यांवर घासले आणि पुढे धरले. बर्फाच्या त्या टोकाला ती उभी होती, दोन्ही तळवे माझ्याकडे, बोटं फाकलेली.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. मी काठी कुठे धरते? तिची वाट बघताना मी काठी बगलेत धरते. म्हणजे हात मोकळे. म्हणजे रोज, बरोबर त्या क्षणी, मेबलचे पुढचे दोन पाय आत आले की…

“काय झालं? चेहरा का उतरला? एक दगड गेला गं, जग नाही बुडालं,” मिरियम म्हणाली.

मी काहीतरी उत्तर दिलं. पुढचे दगड कसे टाकले ते मला आठवत नाही.

मंगळवारी मी खात्री करून घ्यायची ठरवली. वेड्यासारखी आशा होती, की मिरियम चुकली असेल, मेबलचा नकार मेबलचाच असेल. या वेळी मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मेबल आली. पुढचे दोन पाय फळीवर पडले, तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोटंसुद्धा हलवली नाहीत. मग तिसरा पाय आला. चौथा आला. ती पूर्ण आत येऊन उभी राहिली, कपाळ चेंडूला टेकवलं आणि गाजरासाठी सोंड उचलली.

“गेली!” मागून डॉ. डेलोर्म जवळजवळ किंचाळली. “नोरीन, गेली आत! दार लावू का?”

दार लावलं की संपलं होतं. दार लावलं की ट्रक बोलावायला फक्त एक फोन. मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मी काठी बगलेत मारली आणि तिच्यासमोर दोन्ही तळवे उघडले. या वेळी घाम पुसायला नाही. जाणूनबुजून.

मेबलने सोंड खाली घेतली आणि आज्ञाधारकपणे उलटी बाहेर निघून गेली.

“थोडक्यात हुकलं,” डॉ. डेलोर्म धापा टाकत पुढे आली. “अगदी थोडक्यात. उद्या होईल.”

“नाही होणार,” मी म्हटलं. “तिला नकोय.”

हे मी किती सहज म्हटलं! बुधवारीही मी तेच केलं. आणि गुरुवारी दुपारी मिरियम माझ्याकडे हत्तीखान्यात आली. फलक नव्हता; हातात रूबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बाटली होती, तिच्या घरची. मेबल गजांपलीकडे गवत झटकत उभी होती.

“मी उद्या फाटकावर येणार नाही,” मिरियम म्हणाली. “परवाही नाही. आमच्या लोकांना सांगून टाकलं, की बास. आपण म्हणत होतो ना, तिचं ऐका? मग तिने सांगितलं ते ऐकायला नको?” तिने बाटली माझ्या हातात दिली. “मला अजून वाटतं हे चुकतंय. पण ती तुला सोडून जात नाहीये, नोरीन, आणि हे मला दिसतंय. मला वाटलं नव्हतं तुमचं इतकं असेल. मला माफ कर.”

तीन वर्षांत ही बाई माझ्यापुढे एकदाही नमली नव्हती. मला आनंदाने उडी मारायला हवी होती. मी बाटली हातात घेऊन उभी राहिले, आणि तोंडातून एवढंच निघालं, “साखर जास्त नाही ना घातलीस?”

“डॉक्टरने तुला सोडायला सांगितलीये ना, म्हणून कमीच घातली,” ती म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. रात्री दंव गोठलं होतं, अंगणातल्या पेटीवर पांढरा थर होता. हत्तीखान्याचं दार मी हळूच उघडलं. मेबल उभी होती, डावा खांदा भिंतीला टेकवून. त्या जागी भिंतीचा रंग चार वर्षांत उडून सिमेंट दिसायला लागलं होतं. सोंडेचं टोक जमिनीवर टेकलेलं, जणू काठी टेकून कुणी म्हातारी थांब्यावर बसची वाट बघतेय. डोळे मिटलेले. गुडघा हळूहळू वाकत होता. वाकून वाकून तोल जायला लागला की ती दचकायची, सावरायची, पुन्हा खांदा भिंतीला लावायची. बाजूला वाळूचा ढीग होता, माझ्या फावड्याच्या खुणा जशाच्या तशा.

का नाही झोपत, हे मला ठाऊक होतं. डॉ. डेलोर्मने मला जून गेली तेव्हाच सांगितलं होतं, की हत्ती आडवा होतो तो कुणीतरी शेजारी उभं असेल तर. पहाऱ्याला. मी ते ऐकून ऐकलं नव्हतं. मी पाचला घरी जाते.

माझ्या पावलांचा आवाज आला तसे तिने डोळे उघडले आणि मला बघून ती घशातल्या घशात गुरगुरली, आनंद झाला की गुरगुरते तशी. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

डॉ. डेलोर्म आणि क्रेनवाले आठला आले. “पेटी उचलायची ना?” क्रेनवाल्याने विचारलं.

“आधी एकदा करून बघते,” मी म्हटलं.

डॉ. डेलोर्म माझ्याकडे बघत राहिली. “नोरीन, आज आत गेली तर मी दार उघडणार नाही. ट्रक उभा आहे, सीमेवरचे कागद तयार आहेत. आज सराव नाही.”

“माहीत आहे मला.”

“मग आजच जाईल असं का वाटतं तुला?”

“डॉक्टरीणबाई, सगळं सांगेन, पण आत्ता विचारू नका. विचारलंत तर माझ्याच्याने होणार नाही.”

मी पेटीपुढे उभी राहिले. दोन्ही हातांनी काठी धरली, नखं तळव्यात रुतेपर्यंत. मेबल वाळूतून आली. पुढचे दोन पाय फळीवर. नजर माझ्यावर. माझे तळवे घामाने थबथबले होते आणि पँटला पुसावे असं इतकं वाटत होतं, की दातांखाली शिटी करकरली. तिसरा पाय. चौथा. चेंडूला कपाळ लागलं. मी शिटी वाजवली. आवाज फुटका आला. मागे दार सरकलं आणि खिट्टी पडली.

मेबलने गाजर खाल्लं, मग कलिंगड खाल्लं. मग ती माझ्या हातांकडे बघायला लागली.

मी काठी खाली ठेवून खिडकीशी आले होते. हातांच्या मुठी वळल्या होत्या. तिने खिडकीतून सोंड बाहेर काढली, माझ्या उजव्या मुठीला लावली, फुंकर घातली. सोंडेचं टोक माझ्या बोटांच्या फटीत घालून ती बोटं उकलायला लागली. जोर लावून नाही. हळूहळू, आपलं काहीतरी आत राहिलंय अशा भरवशाने. पंचवीस वर्षांत मी तिला कधी इतका वेळ ताटकळत ठेवलं नव्हतं.

मी मूठ उघडली नाही. क्रेनने पेटी उचलली तेव्हाही नाही.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही, नुसती भीती होती. डॉ. डेलोर्म आणि मी ट्रकमागे गाडीने. पहिल्याच दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. वायपर चालू होते, काचेवर गारा वाजत होत्या.

“मंगळवारी आणि बुधवारीही?” तिने शेवटी विचारलं.

“हो.”

“हे सगळं सुखरूप पार पडलं तर मी तुझ्यावर ओरडेन,” ती म्हणाली. “आत्ता मला तू तिथे खिडकीशी हवी आहेस.”

दर काही तासांनी ट्रक थांबायचा आणि मी धावत जायची. श्वास घरघरतोय का? पाणी प्यायली का? पाय सुजलेत का? सीमेवर तासभर अडकलो तेव्हा पेटीतून काहीच आवाज येईना, आणि मी त्या गणवेशातल्या पोराशी अशी भांडले, की त्याने मला गाडीत बसायचा हुकूम सोडला. मिरियमचा सारखा फोन. “खाल्लं का तिने? अगं, बोल ना!” तिलाही मी सांगितलं.  मग ती म्हणाली, “माझा मुरंबा परत दे,” आणि तिचा आवाज चिरकला. हसली की रडली ते कळलं नाही.

आणि प्रत्येक थांब्यावर सोंड खिडकीतून यायची आणि माझ्या मुठी चाचपायची. पहिल्या दिवशी उत्सुकतेने. दुसऱ्या दिवशी रेंगाळत. तिसऱ्या दिवशी तिने नुसतं टोक मुठीवर ठेवलं आणि काढून घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. तिथे हवेत ऊब होती, डोंगरउतारावर कमरेएवढं गवत. कुंपणापलीकडे लांब झाडांच्या सावलीत राखाडी पाठी दिसत होत्या. एकीने सोंड उंच करून वास घेतला. तिथल्या बाईने, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घातलेल्या, पेटीचं मागचं दार पूर्ण उघडलं आणि सगळे बाजूला झाले.

मेबल हलली नाही.

दार उघडं, मागे गवत, वारा आत येत होता, आणि ती गजांशी तोंड करून उभी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिथल्या बाईने केळी दाखवली, गवताचा भारा हलवला. “घाबरली असेल,” ती म्हणाली. “वेळ देऊ. कधी कधी दिवस लागतो.”

पण ती घाबरलेली नव्हती. कान सैल होते. सुजलेले पाय आळीपाळीने उचलत, डोळे माझ्या हातांवर लावून ती उभी होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं ना संपलं म्हणून!

डॉ. डेलोर्मने माझ्याकडे पाहिलं. तिला आता ठाऊक होतं. “नोरीन,” ती हळूच म्हणाली, “तुलाच करावं लागेल.”

या खुणेनंतर पुन्हा काही मागायचं नसतं. उद्या मी परतीच्या वाटेला लागणार होते. उद्या सकाळी मेबलच्या कुशीला माती असेल की नसेल, ते बघणारं दुसरंच कुणीतरी असणार होतं. ती दुसरी कुणी त्यासाठी कूस बघेल तरी का, कुणास ठाऊक. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तीन दिवस वळलेली बोटं आखडली होती, सरळ होईनात.

मी दोन्ही तळवे उघडून तिच्यासमोर धरले.

मेबलने सोस्स करून श्वास सोडला. मग एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे. ती पेटीतून उलटी बाहेर निघाली, अशी की जाईपर्यंत तिचं तोंड माझ्याकडेच होतं. पाय गवतावर टेकल्यावर थांबली, पायाखाली काय आहे ते सोंडेने हुंगलं, आणि मग वळली. झाडांच्या दिशेने ती आपल्या दुखऱ्या पायांनी चालत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मीच तिला तसं शिकवलं होतं.

ती गवतातून लांबवर गेली तरी मी पेटीच्या गजांशी तशीच उभी होते. बऱ्याच वेळाने डॉ. डेलोर्म जवळ आली आणि तिने माझे दोन्ही हात धरून हळूच खाली घेतले.